मृगाआधीचे तीन सूर

वैशाख सरत आला की रत्नागिरीची हवा अडते. भाट्याच्या पुळणीवर दुपारी पाय ठरत नाही. सुरूच्या बनातून येणारा वाराही घामट असतो. आंबा बहुतेक उतरलेला असतो, भाजावळ होऊन शेतं काळी पडलेली असतात, घराची कौलं चाळून झालेली असतात. कामं उरकून सगळा मुलूख आभाळाकडे बघत बसलेला असतो. अशाच एखाद्या पहाटे, अजून फटफटायचं असताना, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळाच्या, कडेच्या काजूंमधून पावश्या बोलू लागतो.

त्याची हाक तीन सुरांची. ती संपते न संपते तोच पुन्हा तीच हाक येते, पण जरा वरच्या पट्टीत. मग आणखी वर. पाच-सहा वेळा अशी चढत चढत ती इतकी वर जाते की आता पक्ष्याचा ऊर फुटेल असं वाटतं, आणि तिथंच एकदम तुटते. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा खालून सुरुवात. शेतकऱ्यानं या हाकेत ‘पेरते व्हा’ ऐकलं आणि पेरणीचा निरोप आणणारा म्हणून या पाखराला मान दिला. कोकणात पाऊस दाराशी आला की नाही हे हवामानाच्या नकाशात पाहायची सोय आता झाली आहे. तरी पावश्या बोलला की म्हातारी माणसं अजून हात जोडतात, आणि मला ते फार योग्य वाटतं.

ही हाक ऐकून लहान मुलं काय करतात ते नीट पाहण्यासारखं आहे. आधी ती गप्प होतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ओठ हलतात. मग ती पावश्याच्या मागोमाग तेच तीन सूर म्हणू लागतात आणि पक्षी चढला की तीही चढतात. सा कुठला आणि रे कुठला हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, पण सूर पायरीनं वर जातो हे त्यांच्या गळ्याला कळलेलं असतं. संगीताचा पहिला धडा आमच्याकडे असा मिळतो, मृगाच्या आधी, काजूच्या झाडाखाली, आणि शिकवणारा कधी दिसतही नाही.

सुरांची शाळा सृष्टीत भरते हे आपल्या पूर्वजांनी फार आधी मानलं होतं. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांना सात जीव दिलेले आहेत. मोर षड्ज बोलतो, चातक ऋषभ, बोकड गांधार, क्रौंच मध्यम, कोकीळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद. त्याहून जुन्या ‘नारदीय शिक्षे’त ऋषभ गाईबैलांकडे आहे आणि धैवत घोड्याकडे. दोन ग्रंथांचं जमत नाही म्हणून हा सगळा कल्पनेचा खेळ समजणारे लोक आहेत. मला तसं वाटत नाही. ही यादी करणाऱ्यांनी मोराच्या हाकेची कंपनं मोजली नव्हती. गळ्यातून निघणारा सूर आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही, तो आपल्याआधी रानात होता, ही जाणीव त्यांनी नोंदवून ठेवली. गाणं शिकायला बसणाऱ्यानं आधी रानाचं ऋण मानावं, इतकी नम्रता त्या यादीत आहे.

ती यादी मनात धरून मी रत्नागिरीच्या आसपास हिंडतो, तेव्हा एकेक नाव जिवंत होतं.

षड्ज मोराचा. कालिदासानं रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीप आणि सुदक्षिणेच्या रथाचा घरघराट ऐकून माना उंचावणारे मोर उभे केले आहेत, आणि त्यांची केका षड्जाशी जुळते असं सांगितलं आहे. चाकांच्या आवाजात त्यांना मेघ ऐकू आला. रत्नागिरीशी मोराचं आणखी एक नातं आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथं आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथंच वारला. त्याच्या घराण्याचं राजचिन्ह मोर. भाट्याच्या खाडीकडे बघत उरलेलं आयुष्य काढणाऱ्या त्या राजाला पावसाळ्यात सड्यावरून आलेली केका ऐकून काय वाटलं असेल, हे त्या वाड्याच्या आवारात उभं राहिलं की मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच आवारात आता आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव होतो. उघड्या आभाळाखाली तानपुरे जुळतात, गायक डोळे मिटून षड्ज लावतो, आणि माझे हात आपोआप जोडले जातात.

आणि मराठी मुलाला ठाऊक असलेला पहिला मोर कुठला? तो रानातला नव्हे, गाण्यातला. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ‘नाच रे मोरा’ लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले ते गायल्या. ज्या मुलानं मोर कधी पाहिलेला नाही तेही हे गाणं लागलं की हात पसरून गिरकी घेतं. सत्तरहून जास्त वर्षं झाली, चाल जुनी झाली नाही, कारण ती मुलाच्या गळ्याच्या मापाची आहे. मोठ्यांना दमवणाऱ्या जागा तिच्यात नाहीत आणि मुलांना कमी लेखणारं काहीही नाही.

चातक आमच्याकडे नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतो. बोकड तर वाडीवाडीत आहे. क्रौंचाचं मात्र रत्नागिरीला दर्शन नाही. कुणी त्याला सारस म्हणतं, कुणी कांड्या करकोचा, आणि दोन्ही आमच्या किनाऱ्याचे नव्हेत. सारस पाहायचा तर गोंदियाच्या धानाच्या बांधांवर जावं लागतं.

हत्तीचं तसं नाही. आमच्या रानात हत्ती नाही, पण कातळावर आहे. रत्नागिरी तालुक्यात उक्षीला जांभ्याच्या सपाट सड्यावर खोदलेला हत्ती आहे, आणि राजापूर तालुक्यात कशेळीला तर इतका प्रचंड आहे की त्याच्या पायाशी उभं राहिलं तर तो एका नजरेत मावत नाही. त्याच्या आकाराच्या आत आणखी किती जनावरं कोरली आहेत ती शोधत हिंडावं लागतं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कुणी खोदली, कशासाठी खोदली, सगळं काळाच्या पोटात आहे. पण पावसाळ्यात त्या रेघांमध्ये पाणी साचतं, आभाळ उतरतं, आणि दगडाचा तो हत्ती डोळ्यांदेखत ओला, काळा होतो. सप्तकातला निषाद हा शेवटचा स्वर; तो पुढच्या षड्जाच्या उंबऱ्याशी उभा असतो आणि कान पुढच्या सुराची वाट बघतात. उक्षीच्या सड्यावर पहिल्या सरीआधी जी शांतता असते, तिच्यात ही वाट बघणं आहे.

मग सर येते, आणि धैवताचे धनी जागे होतात. जमिनीखाली महिनोन्‌महिने निजलेले बेडूक एका रात्रीत वर येतात. सकाळी सड्यावरच्या डबक्याशी जाऊन, आवाज न करता गुडघ्यांवर बसावं. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत पिवळेधमक झालेले असतात, आणि गळ्याच्या दोन बाजूंना दोन निळे फुगे फुगतात, विरतात, पुन्हा फुगतात. इतका निळा रंग त्या काळ्या-तांबड्या कातळावर वर्षभरात दुसरा दिसत नाही. एक ओरडला की दुसरा त्याच्या आवाजाच्या मोकळ्या फटीत आपला सूर बसवतो, तिसरा त्या दोघांच्या मधे. कुणाचा सूर कुणावर आदळत नाही. माणूस हलला की सगळे एकदम गप्प होतात. पुन्हा सुरुवात व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ थांबण्याची तयारी हवी. पुढं भाद्रपदात याच सड्यावर सीतेची आसवं फुलतात आणि माणसं फोटो काढायला येतात. पण सड्याचा खरा उत्सव मला तरी आषाढाआधीच्या त्या डबक्यात दिसतो. जिथं सडे खोदून चिरा काढला जातो किंवा सुरुंग लावून खड्डे पाडले जातात, तिथं हा धैवत कायमचा मुका होतो. हे बोलल्यावाचून राहवत नाही.

पाऊस लागला की सुरांचं दुसरं घर पागोळ्यांत असतं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेवढं पाणी कौलांवरून उतरताना प्रत्येक पन्हळीचा आपला एक धागा होतो, आणि पडवीसमोरच्या खळ्यात त्या धाग्यांखाली लहान लहान खळगे ओळीनं पडतात. पूर्वी मुलं त्या खळग्यांवर हाताला लागेल ते मांडत. पितळेची वाटी, तांब्या, पत्र्याचा डबा, नारळाची करवंटी. प्रत्येकाचा नाद वेगळा. डबा कर्कश, करवंटी घुमी, आणि वाटीत पडलेला थेंब दूरवर ऐकू जाणारा. मग भांड्यांच्या जागा बदलायच्या, कुणाच्या शेजारी कुणाचा आवाज बरा वाटतो ते ठरेपर्यंत.

या खेळात एक नवल आहे. पागोळीची धार घागरीत पडत असली, तर घागर भरत जाईल तसा आवाज चढत जातो. पाण्याकडे न बघता, नुसत्या कानानं, घागर काठोकाठ आली हे बायका ओळखतात. पण पाण्यानं भरत जाणारी वाटी काठीनं वाजवत राहा, तर तिचा सूर दर थेंबाला उतरत जातो. एकाच पाण्यानं एक सूर वर नेला आणि एक खाली आणला. घागरीत गाते ती पाण्यावरची हवा. पाणी चढेल तशी तिची जागा आखूड होते आणि सूर बारीक होतो. वाटीत गातो तो धातू. पाण्याचा भार वाढेल तसा तो मंद थरथरतो. चिनीमातीच्या वाट्यांत पाणी कमीजास्त करून जलतरंग लावतात तो याच नियमानं. आरोह आणि अवरोह हे दोन शब्द गाण्याच्या क्लासात जाऊन पाठ करण्याआधी ज्या मुलानं ते पागोळीखाली ऐकले, ते मूल भाग्याचं.

मुलांच्या गाण्यांच्या चाली या मुलखातूनच उगवलेल्या आहेत. पावसाला पैसा देऊ करणारं गाणं घ्या, चांदोबाची विचारपूस करणारं घ्या, आजीनं मांडीवर घेऊन पायानं झोका देत म्हटलेली अंगाई घ्या. सूर किती लागतात? बहुतेकांना तीन, फार तर चार-पाच. जुन्या शास्त्रकारांनी याचीही नोंद ठेवली आहे. एका स्वराचं गायन आर्चिक, दोहोंचं गाथिक, तिहींचं सामिक, चारांचं स्वरांतर. पाच स्वर झाले की औडव, सहा षाडव, सात संपूर्ण. म्हणजे शास्त्राच्या चौकटीत आजीची तीन सुरांची अंगाई सामगायनाच्या पंक्तीला बसते. मला यात काडीचंही आश्चर्य वाटत नाही. तीन सुरांत पावश्या अख्ख्या मुलखाला कामाला लावतो, तर तीन सुरांत लेकरू का झोपणार नाही?

हा जिल्हा शब्दांचा धनी आहे. मालगुंडला १८६६ मध्ये केशवसुत जन्मले, ज्यांनी सतारीच्या बोलांवर अख्खी कविता लिहिली. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी; त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ उभं केलं आणि आयाबायांनी पहाटेच्या काळोखात जपलेलं धन घराघरात पोचवलं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा निघाला. त्याआधीच्या रत्नागिरी जिल्ह्यात विंदा करंदीकर जन्मले आणि वेंगुर्ल्याला मंगेश पाडगावकरही. मुलांसाठी या दोघांनी जे लिहिलं त्यावर मराठीच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. या सगळ्यांच्या ऋणात मी आहे. पण साने गुरुजींच्या संग्रहातली ओवी वाचताना दर वेळी एक हुरहुर लागते. शब्द समोर आहेत. ती बाई हे शब्द कुठल्या सुरावर उचलत होती, कुठं थांबत होती, शेवटचं अक्षर खाली सोडत होती की अधांतरी ठेवत होती? जातं थांबलं तसं ते सगळं वाऱ्यावर गेलं.

इथं पुन्हा पाखरांकडे वळावं लागतं. पंचमाचा मानकरी कोकीळ. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात. पिल्लू डोळे उघडतं ते कावकाव ऐकत, खातं कावळिणीच्या चोचीतून, पंख फुटेपर्यंत वाढतं कावळ्यांच्याच संगतीत. आणि तरी पुढच्या वसंतात, आंब्याच्या शेंड्यावर बसून ते पहिली तान घेतं ती कोकिळाचीच. पावश्याचंही तेच, तो सातभाईंच्या घरट्यात वाढतो. त्यांचं गाणं त्यांच्या रक्तातच असतं. सृष्टीनं त्यांच्या गळ्यात ते जन्माआधीच ठेवून दिलं आहे, आणि कुणाला ते हिरावून घेता येत नाही.

दयाळाचं तसं नाही. घरामागच्या शेवग्यावर शीळ घालणारा दयाळ, किंवा आंबा घाटातल्या ओढ्यांवर माणसासारखी शीळ घुमवणारा शीळकरी कस्तुर, ही गाणाऱ्या पक्ष्यांची जात मोठ्यांचं ऐकून शिकते. पिल्लू आधी ऐकतं, मग अडखळत पुटपुटतं, आणि हळूहळू त्याची शीळ पक्की होते. म्हाताऱ्या पक्ष्यांचा आवाज कानावर न पडता वाढलेलं पिल्लू जे गातं ते अपुरं असतं.

आपण दयाळाच्या जातीचे. अंगाई रक्तातून येत नाही. आईनं ती आजीकडून ऐकलेली असते, आजीनं तिच्या आईकडून, आणि या साखळीतली एक कडी जरी मुकी राहिली तरी चाल संपली. नुसता शब्द राहिला तर तो कागदावर राहील. आज घराघरात मूल झोपवायला मोबाईल लावतात. त्यातलं गाणं गोडही असतं, पण ते सगळ्या महाराष्ट्राला एकच. गुहागरची चाल, संगमेश्वरची चाल, बागेतल्या घरांची वेगळी आणि खारवीवाड्यातली वेगळी, ही विविधता त्यात यायची कुठून?

यावर उपाय आपल्या हातात आहे, आणि तो एका मराठी माणसानंच दाखवून ठेवला आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून, उस्तादांसमोर बसून, जन्मभर बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरांसह लिहून ठेवल्या. घराण्यांच्या पेटाऱ्यात कुलपं लावलेलं गाणं त्यामुळं सामान्य विद्यार्थ्याच्या वहीत आलं. त्यांची लिपी इतकी सोपी आहे की शाळकरी मूल ती दोन दिवसांत शिकतं. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. सूर लांबला तर पुढं छोटी आडवी रेघ. बंदिशींसाठी हे झालं. बडबडगीतांसाठी आणि अंगाईसाठी असं कुणी घरोघर बसलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मी माझ्या आजीची अंगाई लिहायला बसलो तेव्हा काय झालं ते सांगतो. चाल सा वरून निघते, रे ला टेकून ग पर्यंत जाते, आणि परतताना मंद्र नि ला नुसता स्पर्श करून सा वर विसावते. एवढीच. पण तो ग पेटीवर सापडेना. शुद्ध गांधाराची पट्टी दाबली तर आजी मान हलवून ‘इतकं वर नाय’ म्हणे, कोमलाची दाबली तर ‘इतकं खाली पण नाय’. आजीचा गांधार त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहत होता, आणि दर वेळी नेमका तिथंच. सप्तकातल्या बावीस श्रुतींबद्दल, म्हणजे सुरांमधल्या बारीक पायऱ्यांबद्दल, पुस्तकात वाचलं होतं. ती गोष्ट खरी आहे हे परकर-पोलक्यात असताना ही चाल शिकलेल्या एका बाईनं मला पटवलं. शेवटी ग खाली रेघ दिली आणि शेजारी लिहिलं, ‘जरा चढा’. त्या दोन शब्दांपुढं मी आजही डोकं टेकवतो.

रत्नागिरीत, चिपळुणात, देवरुखात आज कितीतरी मुलं गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात. त्यांना सारेगम येतं, लिपी येते, घरी पेटी आहे, नसेल तर मोबाईलवर तानपुरा आहे. त्यांच्या आजीही आहेत, काहींच्या पणजीसुद्धा. मुंबईला चाकरीला गेलेल्यांच्या मुलांना त्या गणपतीत आणि शिमग्यात भेटतात. तेव्हा या मुलांच्या पालकांना आणि गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा पावसाची झड लागेल आणि शेतातली लावणी उरकेल, तेव्हा मुलाला वही-पेन्सिल देऊन आजीजवळ पडवीत बसवा. तिला चार वेळा म्हणू द्या. सूर पेटीत बसत नसेल तर पेटी बाजूला ठेवा, आजीला दुरुस्त करू नका. वर गाण्याची पहिली ओळ लिहा, खाली सूर, आणि त्याखाली तिचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि वाडी. लिहून झालं की त्याच संध्याकाळी ती चाल घरातल्या सर्वांत लहान मुलाला म्हणून दाखवा.